आबांचे संत्रे

संत्रे म्हटले की जग नागपूरचे नाव घेते. २०१४ साली भौगोलिक मानांकनही त्याच नावाने मिळाले. पण महाराष्ट्रात संत्र्याच्या सर्वांत जास्त बागा आहेत त्या आमच्या अमरावती जिल्ह्यात. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात. नाव नागपूरचे आणि घाम वरुडचा, असा हा मामला!

आमचे आबा त्या वरुडकडचे. नोकरीपायी अकोल्यास आले आणि इथेच राहिले. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी हट्ट धरला, की परसात संत्रा लावायचा. आता अकोला म्हणजे पूर्णेचे खोरे, खारपाणपट्टा. आमच्या बोअरचे पाणी मचूळ, जमीन काळी, चिकट. आणि संत्र्याला क्षार सोसत नाहीत, मुळाशी साचलेले पाणी तर मुळीच नाही. शिवाय बी लावून वाढवलेले झाड फळायला सात-आठ वर्षे घेते. आबांकडे तेवढा अवधी होता की नाही, हा प्रश्न घरात कोणी उच्चारला नाही.

शेंदुरजना घाटाहून जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेले कलम आणले. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देते. मुरूम, रेती आणि शेणखत घालून उंचवटा केला, डोळ्याची जागा मातीच्या वीतभर वर ठेवली. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवले आणि उन्हाळ्यात तेच पुरवून पुरवून वापरले. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावले, कारण डिंक्या एकदा शिरला की झाड आतून जाते. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या नातवंडांनी पानांवरून वेचल्या.

खरा वाद झाला तो गेल्या डिसेंबरात. आंबिया बहार हवा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडले की वाढ थांबते, थोडी पाने गळतात, फांद्यांत अन्न साठते. मग पाणी मिळताच ते झाड फुलांवर उधळते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारीत दीड-दोन महिने. वरुडच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे मी काय सांगावे! पण स्वतःच्या हाताने वाढवलेल्या झाडापुढे आबांचे शास्त्र लुळे पडले.

"काहून रे बाप्पा, झाडाले तहान लागत नसन काय?"

"आबा, तुम्हीच तर बागेत ताण देत होता."

"थे हजार झाडं होते. हे एकच हाये."

शेवटी त्यांनीच हिशेब केला, दिवस कॅलेंडरवर मांडले. रोज सकाळी पाने पाहत, तांब्या मात्र आत ठेवून येत. जानेवारीच्या अखेरीस पाणी दिले आणि पुढे सारे परस सुगंधाने भरून गेले. कळ्या पुष्कळ गळल्या, उन्हाळ्यात सुपारीएवढी फळेही गळली. अकरा राहिली.

यंदाच्या दिवाळीत ती हिरवीपिवळी आहेत. आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज मोजतात. वाटणीही झाली आहे: दोन अमरावतीच्या आत्यांना, एक शेजारी, बाकी पोरांना. स्वतःच्या वाट्याला त्यांनी एकही ठेवलेले नाही. पण पहिले कोणत्या फांदीचे तोडायचे, ते मात्र तेच ठरवणार आहेत.