नूरी, सराई आणि खालाची चूल

फलटणच्या एका संशोधन संस्थेने तयार केलेल्या कंदिलाचे नाव ‘नूरी’ आहे आणि पुण्याच्या एका संस्थेने पुढे आणलेल्या कुकरचे नाव ‘सराई’. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान हा माझा विषय नव्हे. पण नूर म्हणजे प्रकाश आणि सराई म्हणजे वाटसरूंचा मुक्काम, हे शब्द स्वच्छ इंधनाच्या माहितीत एकदम समोर आले तेव्हा माझी नजर तिथेच अडकली. नावे कोणी ठेवली आणि का, ते बाजूला राहू द्या. या दोन नावांमुळे मी एका अशा विषयात शिरले, ज्याच्याकडे एरवी ‘सायन्सवाल्या सरांचे काम’ म्हणून पाहिले असते.

निमित्त विज्ञान प्रदर्शनाचे होते. आमचे विज्ञानाचे सर रजेवर होते. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तक्ते तरी करून घ्या.” विषय होता स्वच्छ ऊर्जा. मुलांनी दरवर्षीप्रमाणे थर्माकोलची पवनचक्की आणली, सोलर पॅनेलवर फिरणारा इवलासा पंखा आणला. कोल्हापूरच्या मुलांना सौरऊर्जा काही परकी नाही. आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात काचेवर रसायनांचे अतिशय पातळ थर चढवून सौरघट बनवण्याचे संशोधन वर्षानुवर्षे चालले आहे. पण आठवीतली एक मुलगी पवनचक्कीकडे बघत म्हणाली, “टीचर, आमच्या घरात अजून चूल हाय. तिचं काय करायचं?”

मला माझी खाला आठवली.

खाला हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात राहते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, त्यानंतर तिच्या घरी गॅस आला. सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, त्यावर क्रोशाचे झाकणही आहे. पाहुण्यांचा चहा आणि रमजानमध्ये सहेरीची धांदल, एवढ्यापुरताच तो पेटतो. पुन्हा भरून आणायचा तर पैसे एकरकमी लागतात आणि ते हातात एकरकमी येत नाहीत. जळण मात्र बांधावरून फुकट येते. म्हणून रोट्या, अंघोळीचे पाणी आणि कालवण चुलीवरच. तिला खोकला सुटला आणि दम लागू लागला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, “विडी ओढता का?” खाला दोन दिवस रागावलेली होती. “मेरे कू बिडी पीनेवाली समझा!” डॉक्टरांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तसल्या छातीचे रोगी ते बहुधा धूम्रपान करणारेच बघत असतील. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला लेख याच विषयावर आहे: कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांचा दमा-खोकला, आणि त्यामागे लाकूड-शेणी जाळणाऱ्या चुलीच्या धुराचा असलेला मोठा हात.

आता गंमत पाहा. खालाच्या घराला तिन्ही बाजूंनी ऊस आहे. ऊस म्हणजे इंधनाचे कोठारच. जुने गुऱ्हाळ आठवा: उसाचा रस काहिलीत, आणि रस काढून उरलेले चिपाड वाळवून खालच्या चुलवाणात. बाहेरून कोळसा नाही, तेल नाही, उसाच्या गुळासाठी उसाचेच जळण. माझे आजोबा गुऱ्हाळात जाळ घालायला बसत. त्यांच्या भुवया नेहमी भाजलेल्या असायच्या. आज साखर कारखाने तेच मोठ्या प्रमाणावर करतात. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघते. ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज विकतो. मळीपासून इथेनॉल होते. रसापासून थेट केले तर टनामागे सुमारे ७० लिटर. एवढे सगळे असताना त्या उसाच्या मधोमध बसलेली बाई ओल्या बाभळीला फुंकर घालते आहे. ऊस तुटून गेला की शेतात वाळलेले पाचट राहते, हेक्टरी दहा टनांच्या आसपास. अनेक जण त्याला काडी लावतात. अर्ध्या तासात रान काळे. हल्ली पाचट कुजवून जमिनीला द्यावे असे कृषी खाते सांगते, आणि ते योग्यच आहे. पण जे जाळलेच जाते, त्याचे काय?

हा प्रश्न पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी हाताला घेतला होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी उभी केलेली ‘आरती’ ही संस्था ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करते. पाचट उघड्यावर जाळले की राख होते. तेच बंद पिंपात, हवा लागू न देता तापवले की कोळसा होतो. त्या कोळशाची पूड खळीत मळून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. चार वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच संस्थेला तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, तो छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी.

या बायोगॅसमागचा विचार मला फार आवडला. आपण गोबरगॅस म्हणतो आणि शेणच घालतो. पण शेण म्हणजे जनावराने खाऊन, पचवून, त्यातले सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला भाग. गॅस तयार करणारे जिवाणू हेही जीवच आहेत. त्यांना उष्टे-चोथा देण्याऐवजी पिष्ट आणि साखर असलेले खरे अन्न दिले तर? शिळा भात, खराब झालेले पीठ, किडके धान्य, सडकी फळे. संस्थेचा हिशेब असा, की जेवढ्या गॅससाठी ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात, तेवढा गॅस दोन किलो पिष्टमय पदार्थांतून दिवसभरात मिळतो. दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, एकीत दुसरी उलटी बसवलेली, गच्चीवरही मावतात.

मी मोठ्या उत्साहाने हे खालाला सांगितले. ती म्हणाली, “दो किलो शिळं? बेटा, हमारे घर में शिळं बचताच कहाँ? बचा तो बकरी के मुँह में.” खरेच आहे. जिथे रोज दोन किलो अन्न वाया जाते ते घर गरिबाचे नसते. हे संयंत्र शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीमागे, मंगल कार्यालयात, वसतिगृहात शोभेल. रमजानमध्ये आपल्या इफ्तारच्या सामुदायिक दस्तरखानावरून काय काय उचलले जाते ते मी पाहिले आहे. तिथे तर फारच. पण खालाच्या अंगणात नाही.

मग पाचटाचा कोळसा. हे मात्र आम्ही करून पाहिले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ऊसतोडीनंतरचे पाचट दिले, झाकणाचे पिंप दिले, आणि भट्टीजवळ स्वतः उभे राहिले. मुलांना मी लांबच ठेवले. कोळसा कुटून, गव्हाच्या पिठाची खळ घालून मुलींनी लाडू वळतात तसे गोळे वळले आणि पत्र्यावर वाळवले. सराई कुकर एका नातेवाइकांकडे पडून होता, तो आणला. स्टीलचा उभा डबा, तळाशी कोळशाची छोटी जाळी, वर पाण्याच्या वाफेवर शिजणारी एकावर एक भांडी. शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात तासाभराच्या आत भात आणि डाळ शिजली. धूर नाही. भांड्याचे बूड काळे नाही. इथे एक गोष्ट शिक्षकी खाक्यात सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे करून बघू नये: कोळशाला धूर नसला तरी जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. शेगडी असो की सराई, दार-खिडकी उघडी पाहिजे.

खालाने झाकण उघडून डाळ चाखली, मान डोलावली आणि विचारले, “और रोटी? रोटी किसपे भुनूँ?”

वाफेवर रोटी होत नाही. भाकरीही होत नाही. पुरस्कार देणाऱ्यांना हा प्रश्न पडतो की नाही कोण जाणे, पण आपल्या भागात रोटी-भाकरीशिवाय जेवण होत नाही. त्यासाठी उघडा, कमी-जास्त करता येणारा जाळ हवा.

असा जाळ ‘नूरी’च्या घरी सापडतो. डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून पीएच.डी. करून १९८१ साली फलटणला आले आणि तिथेच राहिले. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी ऊर्जेचे काम सुरू केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काम सुरू झाले गोड ज्वारीपासून. हिच्या कणसात दाणे, ताटात साखरेचा रस, चोथा जनावरांना. चार महिन्यांचे पीक, उसापेक्षा पाणी कितीतरी कमी. रस आंबवून अल्कोहोल, आणि ते गाळायची छोटी भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवून दाखवली. मग अल्कोहोलवर, रॉकेलवर, डिझेलवर असा कशावरही चालणारा कंदील केला, शंभर वॅटच्या बल्बइतका उजेड देणारा. तीच नूरी. आणि स्वयंपाकासाठी अल्कोहोलचा स्टोव्ह.

या स्टोव्हचे मर्म पाण्यात आहे. अल्कोहोल गाळून गाळून शुद्ध केले तरी साधारण ९५-९६ टक्क्यांवर गाडी अडते. उरलेले पाणी काढायला वेगळी यंत्रणा आणि जादा ऊर्जा लागते. पेट्रोलमध्ये मिसळायचे तर ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध हवे, कारण पाणी असेल तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. फलटणच्या मंडळींनी असा स्टोव्ह बनवला जो पन्नास-साठ टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी, अशा मिश्रणावर जळतो. म्हणजे गाळण्याचा खर्च कमी, आणि हाताळायला धोकाही कमी. रोटी होते.

मग तो घरोघरी का नाही? मोठे कारण म्हणजे दारूचा कायदा. अल्कोहोल साठवायला, न्यायला, विकायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. लोक ते प्यायला वापरतील ही भीती. राजवंशी यांनी याबद्दल अनेकदा लिहिले आहे. सरकारची भीती खोटी नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडावर मला दिसतात. पण हेच इथेनॉल पेट्रोलमध्ये घालायचे ठरले तेव्हा वाट निघाली. २००१ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यातला एक आपल्या शेजारच्या मिरजेत झाला. २०१४ मध्ये मिश्रण दीड टक्का होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. टँकर, कोटे, दर, कर्ज, सगळे जमले. गाडीसाठी. मोटारीला अत्यंत शुद्ध माल लागतो, चुलीला निम्म्या पाण्याचा चालतो, तरी चुलीचा नंबर आलेला नाही. वीस टक्क्यांमुळे ॲव्हरेज किती घटले यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज वाद होतो. रोटीच्या जाळावर तिथे अजून कोणी आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

खालाचा आक्षेप वेगळाच होता. “क्या गे, अब शराबपे रोट्या भुनूँ मैं?” मी तिला सांगितले की इंधनाच्या स्पिरिटमध्ये मुद्दाम विषारी, कडवट द्रव्य घालतात. ते पिण्याचे राहत नाही. २०२० मध्ये आपल्या साखर कारखान्यांनी सॅनिटायझर केले, ते ह्याच वस्तूचे. ते तूही तळहातावर चोळलेस. तिने थोडा विचार केला. “हात पे लगाना अलग, खाने के नीचे जलाना अलग.” मसला विचारायचा तो आलिमांना. मी शाळामास्तरीण, त्यात पडत नाही. पण असा स्टोव्ह आपल्या मोहल्ल्यात आणायचा असेल तर परवान्याच्या आधी हा प्रश्न येणार, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचे उत्तर नसणार. तेव्हा तो आजच विचारून ठेवलेला बरा.

प्रदर्शनात मुलींनी चूल, सराई, बायोगॅस आणि स्टोव्ह असे चार तक्ते लावले आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिली: ‘रोटी होते का?’ परीक्षक हसले. नंबर पाणबुडीच्या मॉडेलला मिळाला.

खालाकडे सराई अजून आहे. गोळे संपले की मुली सुट्टीच्या दिवशी वळून देतात, पण पाचट मिळते ते ऊसतोडीच्या दिवसांतच. म्हणून आता गावातल्या बचत गटाला तोडणीच्या हंगामातच वर्षाचे गोळे करून ठेवता येतील का, याची बोलणी चालू आहेत. पिंपांचा खर्च कोणी करायचा यावर गाडी अडली आहे. भात-डाळ सराईवर होते. रोटीची चूल तिने आतल्या खोलीतून उचलून पडवीत नेली आहे. खोकला थोडा कमी आहे म्हणते. पावसाळा लागला की चूल पुन्हा आत येईल.