सुलतान बाजार, हैदराबाद, जून

४ जून
उकाडा. मृग तोंडावर आला, ढगाचा पत्ता नाही. मंडळाच्या बायकांनी गळ घातली: २९ तारखेला अर्धा तास बोला. विषय, परदेशातल्या तुरुंगांकडून आपण काय शिकावं. हो म्हणून बसले. माझा नि तुरुंगाचा संबंध दुकानातल्या सासऱ्यांच्या फोटोपुरता.

५ जून
नॉर्वेची टिपणं काढली. हाल्डनचा तुरुंग, २०१० साली उघडला. खिडक्यांना गज नाहीत. खोलीत फ्रिज, टीव्ही, न्हाणीघर. सगळे लेख फ्रिजपाशी येऊन थांबतात. मला दुसरंच आवडलं. तिथे पहारेकऱ्याला दोन वर्षं शिकवतात, तेही पगार देऊन. आणि शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंगाचे नोकर नसतात. बाहेर गावात जे काम करतात तेच आत येतात.
नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. आपल्याकडे २०२२ अखेर नुसते कैदीच ५,७३,२२०. शंभरातले पंचाहत्तर कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. हे सांगितलं की फ्रिजचं कोण ऐकणार?

७ जून
दुपारी एक जण काम मागायला आला. चाळिशीचा. उंबऱ्याबाहेर उभा. आत ये म्हटलं तेव्हा आला. बाइंडिंग येतं म्हणाला. कुठे शिकलास? ‘जेल में, अम्मा.’ चार वर्षं. कलम मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. इथे लिहीत नाही.
मुलाला विचारून सांगते म्हटलं. दुकान माझ्या नावावर आहे.

८ जून
नामपल्लीला दम्यावरच्या माशाच्या औषधाची गर्दी. रिक्षा मिळेना.

९ जून
मुलगा नाही म्हणाला. आई, गल्ला उघडा असतो, पोरी वह्या घ्यायला येतात. चूक काही बोलला नाही. वर फोटो. सासरे निजामाविरुद्धच्या ३८ सालच्या सत्याग्रहात आत गेले होते. त्यांना आम्ही दसऱ्याला हार घालतो.

१० जून
स्वातंत्र्यपूर. हे कसं विसरले! आटपाडीजवळ, औंध संस्थानात, १९३९. भिंत नाही, कैदी शेती करायचे, बायकापोरं जवळ. राजा आपला, पंतप्रतिनिधी. कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन, पोलंडहून आलेला इंजिनिअर. त्यावरूनच पुढे १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’. कथा गदिमांची, ते त्याच आटपाडी भागातले. बर्लिनला बक्षीस मिळालं म्हणून आपण छाती फुगवली. वसाहतीला जाऊन आलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. मीही गेलेली नाही.
भाषण इथूनच सुरू करावं. नॉर्वे नंतर.

१२ जून
शाळा उघडल्या. कोठीपासून बडी चावडीपर्यंत पाय ठेवायला जागा नाही. नोकर पोरगा गावाकडून परतलाच नाही. बाइंडिंगला आलेल्या पुस्तकांची चळत पंख्याला लागायची बाकी.

१३ जून
मुलगा स्वतःच म्हणाला, बोलाव त्याला. चार दिवसांसाठी.

१४ जून
मागच्या पडवीत बसवला. दाभण, दोरा, खळीचं डबडं. शिवण सरळ, कोपरे घट्ट. तीस पुस्तकं. पाणी प्यायला उठायच्या आधी विचारतो. कुणी गिऱ्हाईक आलं की उभा राहतो. बस म्हटलं की बसतो.
पाच वाजता डबा उघडून जेवला. इतक्या लवकर? ‘पांच बजे खाना, छे बजे बंद.’ सुटून सहा महिने झाले म्हणे.

१६ जून
ब्राझीलमध्ये कैद्याने पुस्तक वाचून त्यावर लिहून दिलं की शिक्षेतले चार दिवस कमी. वर्षाला बारा पुस्तकं, अठ्ठेचाळीस दिवस. त्याला सांगितलं. बराच वेळ हिशेब करत होता. ‘मैं तो साइन करना अंदर सीखा.’

१७ जून
पाऊस! खळ वाळत नाही. पुठ्ठे वाकले.

१९ जून
मुलाचे मित्र गप्पा मारत होते. संगारेड्डीचं जुनं जेल, १७९६ सालचं. तिथे पाचशे रुपये भरून चोवीस तास कैदी व्हायची सोय २०१६ साली केली होती. जायला हवं होतं, म्हणे. पडवीतून आवाज: ‘पैसे दे को?’ सगळे हसले. तोही. मग पोरं गप्प झाली, कारण तो कोण हे त्यांना माहीत होतं.

२१ जून
आज त्याने सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, कौन? सांगितलं. निजामाच्या वेळी चंचलगुड्याच्या तुरुंगात होते. कितने दिन? आठ महिने. ‘कौन सी बॅरक?’
या घरात पन्नास वर्षं झाली. हे कुणी विचारलेलं नाही.

२२ जून
चार दिवस कधीच संपले. मुलगा विषय काढत नाही. मीही नाही.

२४ जून
शेजारच्या वहिनींना कुठून तरी कळलं. ‘तुम्हाला भीती नाही वाटत?’ वाटते. रात्री कुलूप दोनदा बघते. पण ते मी आधीही बघत होते.

२६ जून
भाषण पुन्हा लिहिलं. नॉर्वेचे तुरुंगही मुळात असे नव्हते. सुटलेला माणूस सारखा परत आत येतो हे बघून त्यांनी १९९८ च्या सुमारास धोरणच बदललं. घर, काम, शाळा हे सगळं सुटायच्या आधी जुळवायला लागले. आपला तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ चा. इथवर ठीक. पुढे काय मागायचं? सरकारकडे मागणं सोपं आहे. समोर बसलेल्या बायकांकडे मागावं का, हे ठरत नाही.

२९ जून
भाषण झालं. अठरा जणी. स्वातंत्र्यपूर ऐकून डोळे पुसले. नॉर्वेला टाळ्या. मग विचारलं, तुमच्यापैकी कोण कामाला ठेवेल? एकीने चहा आला असं सांगितलं. शेवटचा प्रश्न: नॉर्वेला कोणत्या महिन्यात जावं?

३० जून
महिनाअखेर. पगार पाकिटात घालून दिला. मुलाने दिला, मी नाही. गर्दी होती, आज डबा साडेसातला उघडला. नऊ वाजता शटर ओढलं. तो पायरीवर उभा.
‘जाऊं, अम्मा?’