सेकंदाला पावणेचार इंच

जुना टेपरेकॉर्डर विकत घेऊन दुरुस्त करणं हा आता पैसेवाल्यांचा छंद झालाय. दिवाणखान्यात ठेवायचा, पाहुणा आला की झाकण उघडून दाखवायचा. चालला तर चालला. मित्रांनो, आपल्याला तो चालायलाच पाहिजे. आमच्या वस्तीच्या मंडळाच्या लोखंडी पेटीत दोन रिळं पडून आहेत आणि ती वाजवायला दुसरं काही नाही. एवढं साधं कारण.

प्रतापनगरात एक बंगला पडून तिथं फ्लॅटस्कीम होणार होती. घरातलं सामान निघत होतं. त्यात हा जर्मन बनावटीचा ग्रुंडिग. व्हॉल्व्हचा, रिळांचा, उचलताना कंबर आठवते असा. मालक सत्तरी ओलांडलेले. आडनाव विचारलं. सांगितलं. "असं, असं," म्हणाले. नागपुरात या 'असं, असं'चा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. मग म्हणाले, "शोपीस म्हणून छान दिसेल. तुम्हाला कशाला हवाय?"

म्हणलं, "चौदा एप्रिलचा कार्यक्रम आहे जी एका रिळावर. भीमगीतं. गाणारे आता नाहीत."

ते गप्प झाले. त्यांच्या वडिलांनी याच यंत्रावर रेडिओवरची नाट्यगीतं भरली होती. अडीच हजार सांगितले होते, अठराशेत दिला, आणि कपाटातून एक रिकामं रीळ काढून वर ठेवलं. "हे लागेल तुम्हाला," म्हणाले. माणसाचा हिशोब एका शब्दावर लावू नये, पण तो शब्द विसरायचा असतो असंही नाही.

वस्तीत यंत्र पोचलं तशी पोरं जमली. "लाव न दादा!" लावायचं नाही, हीच पहिली गोष्ट. पन्नास-साठ वर्षांच्या यंत्राची वायर सरळ भिंतीत खुपसली तर आतले सुकलेले कंडेन्सर फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि त्यावर आपली फीत चढवली तर कडक झालेलं रबर ती चावून टाकतं. वस्तीतले म्हातारे रेडिओ मेकॅनिक आले. आयटीआय केलेले, आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ वाजते केलेले. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकाभक पेटून राहतो; नसेल तर क्षणभर पेटून मंद होतो. पेटूनच राहिला.

मग तीन आठवडे गेले. आतले रबरी पट्टे वितळून डांबर झाले होते. पुसावं तितकं पसरतं, नखातून आठ दिवस जात नाही. साडेतीनशे व्होल्टचे कंडेन्सर बर्डीवरून आणले. मेकॅनिक बाबा प्रत्येक वेळी आधी जुना कंडेन्सर रेझिस्टन्स लावून रिकामा करत. वायर काढली म्हणजे करंट गेला असं नसतं, व्हॉल्व्हच्या यंत्रात तो आत दबा धरून बसतो. हेडवर तपकिरी भुकटी बसलेली. ती म्हणजे फितीवरचा गंज, लोखंडाचा ऑक्साइड. आवाज असतो तो त्या गंजातच. कापसाला आयसोप्रोपिल लावून साफ केलं, हेडमधलं चुंबकत्व काढलं. रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्यानं धुतलं, बाबांच्या मते रबराला दारू मानवत नाही.

इकडे आजी रोज येऊन बसायच्या. रिळावर गाणाऱ्या बुवांच्या त्या घरवाल्या. "बापू, कवा आयकवतं? मी मेल्यावर?" मी म्हणायचो, आजी, एकदाच संधी आहे, फीत तुटली तर संपलं. "तुटू दे न. आयकून तर होईन." या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी नुसता स्क्रू फिरवत राहायचो.

आपले कार्यकर्ते म्हणतात, यूट्यूबवर सगळं आहे, कायले हा खटाटोप? यूट्यूबवर तेच आहे जे कुणीतरी फितीवरून उतरवलं. बाबासाहेबांचा आवाज आपण ऐकतो तो बहुतेक १९५५ च्या बीबीसी मुलाखतीतला, इंग्रजीतला. १५ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात ते मराठीत बोलले, ते आपण वाचतो. 'प्रबुद्ध भारत'च्या २७ ऑक्टोबरच्या अंकात ते छापलं गेलं म्हणून. वामनराव गोडबोल्यांच्या मेहनतीनं चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जपले गेले. कापडाला कसर लागते हे आपल्याला दिसतं. आवाजाला कसर लागते ती दिसत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये शाहीर विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. ते नावाजलेले, त्यांचं ध्वनिमुद्रण आहे. पण वस्तीवस्तीत पेट्रोमॅक्सच्या उजेडात गाणारे शेकडो होते, ज्यांची कॅसेट कधी निघाली नाही. त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. त्या बायांच्या दारात कुणी यंत्र घेऊन गेलं म्हणून त्या आज ऐकू येतात.

आमच्या पहिल्या रिळाच्या डब्यावर शाईनं 'चौदा एप्रिल, रात्र' एवढंच आहे. साल नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, आपण थोडेच विसरणार! रीळ पाच इंची, फीत सहाशे फूट. सेकंदाला पावणेचार इंच या गतीनं एका बाजूला बत्तीस मिनिटं. फीत उजेडासमोर धरून पाहिली, आरपार दिसत नव्हती, म्हणजे पॉलिएस्टर. ती ताणली जाते पण पटकन तुटत नाही. आधी मालकांचं एक नाट्यगीताचं रीळ चढवून यंत्राची परीक्षा घेतली. ते नीट वाजलं. आता बोला.

मग आपलं चढवलं. संगणकाला जोडून ठेवला होता, कारण पहिलं वाजवणं तेच उतरवणं. चोवीस बिट, छाटलेली एमपीथ्री नाही. हिरवा डोळा उघडमीट करायला लागला. आधी खरखर, मग कुणीतरी ओरडलं, "अबे, बत्ती इकडे आन!" खोकला. पेटी. आजी पुढं सरकल्या. गाणं सुरू झालं तशी त्या म्हणाल्या, "हा त्यायचा आवाज नोहे. हा पेटीवाला होय." सगळे हसले. दुसऱ्या गाण्याला त्या काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बसल्या. मधे एकदा फक्त, "इथं मी कोरसात आहो," म्हणाल्या. आम्हाला ठाऊकच नव्हतं. बायांच्या आवाजात एक आवाज त्यांचा, विशी-बाविशीचा. त्यांना वाटलं होतं रिळावर फक्त नवरा आहे.

दुसरं रीळ अजून चढवलेलं नाही. डबा उघडला की लोणच्यासारखा आंबट वास येतो. ते अ‍ॅसिटेट आहे, व्हिनेगरचा रोग लागलेला. आपल्या टिनाच्या छपराखाली नागपूरचा मे महिना काढला की हेच होणार. ते वेगळ्या डब्यात, चांगल्या रिळापासून दूर ठेवलंय, कारण त्याची वाफ दुसऱ्यालाही लागते. चिकट फितीला मंद ऊब देऊन वाजती करतात असं कुणी सांगेल. ती युक्ती अ‍ॅसिटेटला लावायची नाही. तुमच्या वस्तीत अशी रिळं असतील तर मंडळाच्या भोंग्या-स्पीकरजवळ ठेवू नका. त्यातल्या चुंबकानं फीत पुसली जाते. कापून चिकटवायला सेलोटेप वापरू नका. आणि वाजवून पाहू नका!

एक चॅनेलवाला येऊन गेला. फाइल द्या म्हणाला, उद्याच टाकतो. आजी म्हणाल्या, "आदी वस्तीत वाजन, मंग जगात." फाइलच्या तीन प्रती केल्यात, तीन घरी ठेवल्यात.

येत्या चौदा एप्रिलला डीजे सुरू होण्याआधी मंडळानं अर्धा तास द्यायचं कबूल केलंय. रीळ बत्तीस मिनिटांचं आहे. त्या दोन मिनिटांवरून भांडण चालू आहे.