खसखशीविना डिंकाचे लाडू

पहाटे यशवंतपूर स्टेशनवर बेळगावची गाडी थांबली आणि आई उतरली. अंगावरच्या शालीपेक्षा हातातल्या पिशव्याच जास्त! “माझे कपडे एवढेच. बाकी सगळं ताईसाठी,” ती म्हणाली.

ताई दुबईला असते. तिला नुकतीच मुलगी झाली होती आणि आई पहिल्यांदाच परदेशी निघाली होती. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

कागदपत्रांची काळजी नव्हती. कर्नाटकात बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर नुसतं नाव आणि आद्याक्षर असतं, तसाच आईच्या पासपोर्टवरचा आडनावाचा रकाना रिकामा होता. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देण्याबाबत संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून नियम कडक केले आहेत. म्हणून ताईने दोन महिने आधीच आईला नवा पासपोर्ट काढायला लावला होता. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त होती, व्हिसा आणि तिकिटावरचं नावही अक्षर न् अक्षर जुळत होतं.

चहा पिता पिता मी पिशव्या उघडल्या. मेतकूट, शतावरी कल्प, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू.

“आई, यात खसखस घातलीस?”

“मग काय! खसखशीशिवाय लाडू होतात होय?”

मी कपाळावर हात मारला. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ते मसाल्याच्या डब्यात असतं, दुबईत मात्र अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. सौदी अरेबिया आणि सिंगापूरलाही ते नेता येत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पटकन पेट घेतं, म्हणून वाट्याही विमानात चालत नाहीत.

आई गप्प झाली. चार दिवस गुडघे दुखत असताना तिने ते लाडू वळले होते. मग हळूच म्हणाली, “बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ?”

“रिकाम्या कशाला? पुन्हा करू.”

यशवंतपूरला मोठा बाजार आहे ते बरं. दुपारपर्यंत डिंक, खारीक, बदाम, गूळ घरात आलं. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघींनी खसखस न घालता लाडू वळले. आधीचे लाडू शेजारच्या आजींना दिले. त्यांच्याकडे गसगसे पायसम नेहमीचंच, त्या खूश!

खोबऱ्याच्या वाट्यांच्या जागी म्हैसूर सँडलचे साबण गेले. त्यांचा कारखाना आमच्याजवळच, मेट्रोच्या पुढच्या स्टेशनला त्याचंच नाव आहे.

तुमच्या घरूनही कुणी निघत असेल, तर एवढं नक्की करा :

• बॅग भरण्याआधी त्या देशात कशाला बंदी आहे ते पाहा. औषधांचेही नियम वाचा.

• औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

• पॉवर बँक हातातल्या बॅगेत. तिथलं तूप, लोणचं, तेल मात्र 100 मिलीपर्यंतच चालतं, जास्तीचं मोठ्या बॅगेत ठेवा.

• पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि तिथल्या पत्त्याच्या छापील प्रती जवळ ठेवा. फोन ऐन वेळी बंद पडतो.

दुसऱ्या दिवशी रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर बाळ, हातात अर्धा लाडू.

“आई, खसखस विसरलीस का गं?”

आई माझ्याकडे बघून हसली. “विसरले नाही, यशवंतपूरलाच ठेवून आले!”