सोवळ्यातली अळंबी

“पोरगा वाईट नसतो रे, संगत वाईट असते!” असं आमची आजी म्हणायची. युरोप-अमेरिकेच्या गवतात उगवणारी ‘कॉमन इंक कॅप’ तिला ठाऊक असती, तर तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली असती.

दिसायला ही अळंबी अगदी गरीब. राखाडी, घंटेच्या आकाराची. बागेत, रस्त्याकडेला, पुरलेल्या लाकडापाशी घोळक्यानं उगवते. शिजवून खाल्ली तर चवीला छान आणि पोटाला निरुपद्रवी. अट एकच : दारूचा विटाळ चालायचा नाही. दोन-तीन दिवसांनी घोट घेतला, तरी बया जागीच असते. तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ, ओकाऱ्या! इंग्रजीत तिला ‘टिपलर्स बेन’ म्हणतात; म्हणजे बेवड्यांचा काळ.

त्याचं असं आहे : पोटात गेलेल्या दारूचं शरीर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष करतं आणि मग ते निपटून टाकतं. हे निपटणारं एन्झाइमच अळंबीतल्या ‘कोप्रिन’मुळे बंद पडतं. कचरा साचतोय आणि झाडूवाला रजेवर! दारू सोडवायचं ‘अँटाब्यूस’ हे औषध डेन्मार्कमध्ये १९४८ साली पुढे आलं, तेही याच वाटेनं जातं. पुष्कळांना वाटलं, अळंबीतही तेच असणार. १९७५ साली स्वीडनच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी कोप्रिन वेगळा काढला, तेव्हा कळलं, की बाईंनी आपली सोय स्वतंत्र केली आहे.

मला काळजी वाटते ती नवरा-बायकोची. समजा, दोघं एकाच पातेल्यातलं जेवली. बायको पाणी प्यायली, ठणठणीत. नवऱ्यानं वाईन घेतली आणि तो कासावीस झाला. कोप्रिनचा पत्ता लागण्यापूर्वी शेजाऱ्यांनी संशय कोणावर घेतला असता? बिचारी रडून सांगणार, “अहो, मीही तेच खाल्लं!” आणि ते ऐकून संशय आणखीच पक्का होणार.

खरी आरोपी तोवर गवतातून पसार! कारण वय झालं, की ती कडेपासून विरघळत जाते आणि थोड्याच वेळात तिची काळी शाई होते. पूर्वी लोक त्या शाईनं लिहीतही असत. म्हणजे दारुड्याला पकडायचं, शिक्षा द्यायची आणि वर पंचनाम्याची शाईही पदरची पुरवायची. असं कर्तव्यदक्ष खातं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही!