नुक्त्याचा फरक

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. मालवणच्या किनाऱ्यावर असे आणखीही काहीजण आहेत. कुणी गझल लिहितो, कुणी घरातल्या बायकांच्या कथा, कुणी आखातात राबून आलेल्या बापाच्या आठवणी. आमच्या आधीच्या पिढीने लिखाण पाकिटात घालून मुंबई-पुण्याच्या संपादकांकडे पाठवले, सोबत परतीची तिकिटे लावली आणि महिनोन् महिने पोस्टमनची वाट पाहिली. उत्तर येईलच याची खात्री नव्हती. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा कुठे अशा लिहिणाऱ्यांना आपले व्यासपीठ मिळाले.

आता लिखाण मोबाईलवर होते आणि तिथूनच लोकांपुढे जाते. फेसबुक आहे, ब्लॉग आहे, प्रतिलिपीसारखी ॲप आहेत. स्वतःचे पुस्तक किंडलवर काढता येते. जी मुलगी संपादकाला पत्र लिहायला धजली नसती, ती आज रात्री कथा टाकते आणि सकाळी शंभर माणसे ती वाचतात. याचा आम्हाला आनंदच आहे. पण जाहीर लिहिणाऱ्याचे नाव, फोटो आणि कधी कधी फोन नंबरही सर्वांना दिसतो. तो ठकांनाही दिसतो. लेखकाला काय हवे असते हे त्यांना चांगले ठाऊक असते.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी. वडील बोटीवर खलाशी. आजीच्या पानदानावर तिने एक कथा लिहिली आणि मोबाईलवर टाकली. आठवडाभरात तिला मेसेज आला : हजारो कथांतून तुमची कथा आंतरराष्ट्रीय संग्रहासाठी निवडली आहे, नोंदणी शुल्क १,४९९ रुपये, मुदत आज रात्री बारापर्यंत. ती आईला घेऊन आमच्याकडे आली.

"सर, आई म्हणते कानातले ठेवून पैसे आणू. भरू का?"

आम्ही विचारले, "तुझ्या कथेत काय आवडलं, ते लिहिलंय का त्यांनी?"

तिने मेसेज पुन्हा वाचला. "नाही."

"छापणार कोण? पत्ता?"

"नाही."

"पैसे कुणाच्या खात्यात जातात?"

तिने नंबर टाकून पाहिला. नाव संस्थेचे नव्हते, एका माणसाचे होते.

पैसे भरले गेले नाहीत. आईचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र खाली बघत म्हणाली, "म्हणजे माझी कथा निवडली नाहीच ना कुणी?"

फसवणुकीची चर्चा करताना आपण पैशांचा हिशेब करतो. या प्रश्नाचा हिशेब कोण करणार? पहिल्यांदा कुणीतरी तिला लेखिका म्हटले होते, आणि तो माणूस चोर निघाला.

दुसरी हकीकत आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांची. आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. चाळीस वर्षे शायरी केली, संग्रह एकही नाही. फेसबुकवर शेर टाकू लागले आणि एका संस्थेचे पत्र आले : साहित्यसेवेबद्दल आपल्याला मानद डॉक्टरेट देत आहोत. आधी नोंदणीचे पैसे, मग गाऊनचे, मग सभागृहाचे. अठरा हजार गेले. चौकटीतले प्रमाणपत्र कुरिअरने घरी आले. मोहल्ल्याने शाल घालून सत्कारही केला. पुढे कुणाच्या तरी भाच्याने चौकशी केली तेव्हा त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नाही हे कळले. चाचांनी नावामागचे 'डॉ.' काढले आणि त्याबरोबर शेर टाकणेही थांबवले. तक्रार करा म्हटल्यावर म्हणाले, "या वयात पोलिसांना काय सांगू? मला डॉक्टर व्हायचं होतं म्हणून?"

ही लाज ठकाच्या फार उपयोगी पडते. फसलेला माणूस बोलत नाही आणि पुढच्या माणसाला सावध करणारा कुणी उरत नाही. म्हणून काही गोष्टी सर्वांनी मिळून माहीत करून घेतल्या पाहिजेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातले कलम २२ सांगते की, पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीत महाराष्ट्रातले एक नाव वर्षानुवर्षे दिसत आले आहे : नागपूरचे राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. नावात 'अरेबिक' दिसले की आपल्या माणसाचा विश्वास लवकर बसतो, म्हणून ही यादी आपण तरी पाहून ठेवावी. उर्दूत सनद म्हणजे प्रमाणपत्र. हदीसच्या अभ्यासात सनद म्हणजे ही गोष्ट कुणी कुणाकडून ऐकली त्याची साखळी. साखळी तपासल्याशिवाय रिवायत स्वीकारायची नाही, हे आपल्या उलेमांनी शेकडो वर्षे पाळले. प्रमाणपत्र देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायचा : तुमची सनद काय?

पहिलीच्या मुलांना आम्ही नुक्ता शिकवतो. 'खुदा' आणि 'जुदा' या शब्दांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. तो वर दिला की एक शब्द, खाली दिला की दुसरा. 'महरम'च्या पोटात एक नुक्ता पडला की 'मुजरिम' होतो. जिवाभावाचा माणूस आणि गुन्हेगार यांच्यात एवढेच अंतर. ईमेलच्या पत्त्यातही असाच नुक्ता असतो. लंडनच्या प्रकाशन व्यवसायात काम करणारा फिलिप्पो बर्नार्डिनी नावाचा इटालियन तरुण २०१६ पासून मोठमोठ्या संपादकांच्या आणि एजंटांच्या नावाने लेखकांना ईमेल पाठवत होता. त्याने १६० हून अधिक खोटे पत्ते तयार केले होते. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी शेजारी लिहायची, की घाईत वाचणाऱ्याला ती 'एम'सारखीच दिसतात. अशा युक्तीने त्याने हजारावर अप्रकाशित हस्तलिखिते मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला अटक झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला त्याने गुन्हा कबूल केला. जगभर नाव असलेले लेखकही त्याच्या जाळ्यात आले होते. तेव्हा फसलेला माणूस अडाणी असतो, हा समज आपण सोडून द्यावा.

दुसरे प्रकरण पैशांचे. फिलिपाइन्समधून चालणाऱ्या पेजटर्नर नावाच्या कंपनीशी संबंधित तिघांवर अमेरिकी सरकारने आरोप ठेवले आणि ते जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. तुमचे पुस्तक मोठ्या प्रकाशकाने निवडले आहे, त्यावर सिनेमा निघणार आहे, असे सांगून आठशेहून अधिक लेखकांकडून ४ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त रक्कम उकळल्याचा तो आरोप आहे. आज हा कर, उद्या ती फी. आमच्या चाचांचा गाऊन आणि सभागृह याच चालीचे.

पूर्वी खोटी स्तुती ओळखणे सोपे होते, कारण ती कोणत्याही कथेला चालली असती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र तुमची कथा क्षणात वाचून तिचा सारांश काढते. म्हणून हल्लीच्या मेसेजात आजीचे पानदानही असते, पात्रांची नावेही असतात. कथा वाचल्याची खूण दिसली तरी तेवढ्यावर विसंबू नये. पैशांची वाट बघावी. प्रकाशन व्यवहारात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या लेखकाला १ लाख रुपये आणि ताम्रपट मिळतो. निवड झाल्याचे सांगून लेखकाकडेच पैसे मागितले, तर ती निवड नसते, विक्री असते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे यात गैर काही नाही. आपल्यातल्या कित्येकांनी तसे काढले आहे. पण तो छपाईचा उघड व्यवहार असावा, त्याला सन्मानाचा मुलामा नसावा.

आणखी दोन प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. पहिला, 'तुमच्या लिखाणाने कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत पान बंद होईल, खालील लिंकवर अपील करा.' ही लिंक पासवर्ड चोरण्यासाठी असते. लिंकला हात न लावता ॲप स्वतः उघडून आपल्या खात्यात खरोखर काही सूचना आहे का ते पाहावे. दुसरा, 'तुमचे मानधन जमा करायचे आहे, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.' यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आमच्या बाजारात बांगडा घेताना कुणी वरच्या चकाकीवर जात नाही. कल्ला उघडून आतला रंग बघतात. कोळीण कितीही ओळखीची असली तरी बघतात आणि तिलाही त्याचा राग येत नाही. मेसेजचा कल्ला असाच उघडावा. संस्थेचा नंबर मेसेजमधून न घेता स्वतः शोधून तिथे फोन करावा. करार लेखी मागावा. एक रात्र जाऊ द्यावी. खरा प्रकाशक थांबतो, ठकाला थांबणे परवडत नाही.

ठक ज्या गोष्टी विकतात त्यांतल्या बऱ्याच फुकट असतात. आयएसबीएन क्रमांक भारतात केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते. लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. किंडलवर स्वतः पुस्तक टाकायला ॲमेझॉन पैसे घेत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे तो टिकतो. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असे कुठे लिहिले आहे का, हे सहीपूर्वी पाहावे.

आणि पैसे गेलेच तर? १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, बँकेला कळवावे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. मेसेज पुसू नयेत, तोच पुरावा असतो. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे हा फसवणुकीचा गुन्हा आहे. गुन्हा ठकाचा, लाज मात्र आपण का बाळगायची?

एवढे सारे सांगूनही त्या मुलीचा प्रश्न उरतोच. ठकाच्या शब्दांना किंमत येते, कारण दुसरे शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेले नसतात. आपण कथा वाचतो, अंगठ्याची खूण टाकतो आणि पुढे जातो. मराठी साहित्यात आपली दखल घेतली जात नाही अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करत आलो. आपण एकमेकांची दखल किती घेतो? त्या संध्याकाळी आम्ही तिची कथा तिच्यासमोर बसून पुरती वाचली. शेवट घाईत उरकला आहे असे सांगितले. आजी पानदान बंद करते ती जागा सुंदर आहे, हेही सांगितले. तिने शेवट पुन्हा लिहायला घेतला आहे. चाचांकडे मात्र अजून कुणी शेर मागायला गेलेले नाही. त्यांच्या दारी आपल्यातल्या चार जणांनी वही घेऊन जायला हवे. आम्ही येत्या जुम्याला नमाजनंतर जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या गावच्या चाचांकडे जावे.