भोक पाडण्याआधी

नागपूर-हैदराबाद महामार्ग वडनेरवरून जातो, म्हणून आमच्या गॅरेजला ट्रकच्या तुटलेल्या पाट्यांपासून बाहेरून आणलेल्या दोन दारांच्या गाडीपर्यंत काहीही येतं. अशा गाडीचा मालक मागच्या सीटवर थाप मारून म्हणतो, "भाऊ, लेकराची सीट अडकवायला दोन कड्या वेल्ड करून द्या न." मी म्हणतो, "वेल्ड नाही जी. आधी सीट काढून पाहू."

कडी घडवणं अवघड नाही. बालसीट अडकवायच्या या कड्यांच्या ठरलेल्या पद्धतीला आयसोफिक्स म्हणतात; तिची सळई 6 मिलिमीटर जाडीची, दोन कड्यांमधलं अंतर 280 मिलिमीटर. कोणताही फॅब्रिकेटर देईल. पण चाचणीत ही जोडी 8 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 800 किलोंचा ओढा सोसते. तो ओढा शेवटी येतो कडीमागच्या पत्र्यावर. तिथला पत्रा बहुधा पातळ असतो, मजबूत पोलादाचा असला तर वेल्डच्या आचेनं त्याचा कस जातो, आणि सीटखाली बऱ्याचदा पेट्रोलची टाकी असते.

म्हणून माझं निम्मं काम शोधण्याचं. बॅटरीची वायर सोडवायची, एअरबॅगचा करंट उतरू द्यायचा, मग सीट आणि गालिचा उचलून फेल्टखाली बोटं फिरवायची. एकाच सांगाड्यावर अनेक देशांसाठी गाड्या निघतात. अमेरिकेत 2002 पासून अशा कड्या बंधनकारक आहेत. त्यामुळे इतर देशांच्या गाडीतही कधी कधी जागा तयार असते, वर नुसतं रबरी बूच. तेही नसलं तर सीटबेल्टच्या बोल्टवर बसणारी, त्याच मॉडेलसाठी कंपनीनं काढलेली पट्टी मिळते का बघायचं. हा बोल्ट बहुतेक 7/16 इंची, बारीक आट्यांचा. त्याच्या भोकात 10 मिलिमीटरचा ढिला खेळतो, 12 चा शिरत नाही. जोर लावून बसवलेला बोल्ट आटे खातो. म्हणून पहिले दोन-तीन फेरे हातानं, पाना नंतर, आणि शेवट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर.

यातलं काहीच सापडलं नाही, तर मी भोक पाडत नाही. मालक हिरमुसतो. पण कायद्याला कडी लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा बालसीटमध्ये बांधलेलं मागतं, नाहीतर 1000 रुपये दंड. गाडीच्या बेल्टनंच आवळायच्या, चाचणीत उतरलेल्या सीट बाजारात आहेत. गाडी दोनच सीटची असली आणि समोरची एअरबॅग बंद होत नसली, तर मागे तोंड करून बसायची बाळाची सीट मी लावूच देत नाही. बाकीच्यांना बेल्ट कुठून ओवायचा आणि गुडघ्याचा भार देऊन कसा आवळायचा, ते करून दाखवतो. त्याची मजुरी मात्र पूर्ण घेतो.